आमच्या बागेतला पाचटचोर

ब्रिस्बेन, नोव्हेंबर

प्रिय आई, बाबा,

सा. न. आई, तू परवा फोनवर विचारलंस मिरच्या-वांगी कशी आहेत आणि मी विषय बदलला, कारण ते फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतंच. बाग सध्या आमची नाहीये. एका पक्ष्याने ताबा घेतलाय. ब्रश टर्की म्हणतात इथे, कोंबड्यापेक्षा मोठा, अंग काळं, डोकं लालभडक नि बोडकं, गळ्यात पिवळी झोळी लोंबतेय, आणि शेपूट उभं, दोन्ही बाजूंनी दाबून चपटं केल्यागत.

बाबा, तुम्ही हसाल पण इथे उसाचं पाचट गठ्ठे बांधून दुकानात विकत मिळतं! आपल्याकडे तोडणी झाली की पेटवून देतात तेच. इथे ते झाडांच्या बुडाशी पसरतात म्हणजे ओल टिकते. आम्ही पण सगळ्या वाफ्यांवर छान अंथरलं होतं, तर ऑगस्टमध्ये हे महाराज आले, कोपऱ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि पायाने मागे उडवत उडवत सगळं पाचट, त्यासोबत मिरचीची रोपं, कोथिंबीर, ठिबकच्या पाइपचा तुकडासुद्धा, कोपऱ्यातल्या आंब्याखाली नेऊन घातलं. आता तिथे माझ्या कंबरेएवढा उंच ढीग आहे, रुंदी चारेक मीटर. असे ढीग दोन-चार टनांचे असतात म्हणे आणि हे सगळं एकट्या नराने पायाने ओढलेलं.

कशासाठी, तर अंडी उबवायला. यांच्यात अंड्यांवर बसत कुणीच नाही. पालापाचोळा आत कुजतो, त्याची ऊब येते, ती 33 ते 35 अंशांच्या आसपास राहिली पाहिजे, आणि ते हा बघतो. चोच ढिगात खुपसतो, गार वाटलं की वर आणखी पाचोळा टाकतो, गरम वाटलं की उकरून वाफ जाऊ देतो. दिवसभर हाच उद्योग. माद्या येतात, अंडं घालतात नि निघून जातात, एकाच ढिगात कितीतरी जणींची अंडी, आणि त्यातली काही याची नसतातही, पलीकडच्या ढिगावाल्याची असतात. पण याला त्याचं काही नाही.

शेजारच्या बाई वैतागल्यात. त्यांनी त्यांच्या कुंपणाशी ताडपत्री घातली दगड ठेवून. पण हाकलायची सोय नाही, आमच्या क्वीन्सलँड राज्याच्या 1992 च्या निसर्ग संरक्षण कायद्यात हा संरक्षित आहे, अंडी असलेला ढीग हलवायला परवानगी लागते. मला तर हलवायचा पण नाहीये.

आता फोटोंचं सांगतो, बाबांना त्यात रस आहे. काळा पक्षी कॅमेऱ्याला झेपत नाही, तो सगळं उजळ करायला बघतो नि काळ्याचं राखाडी होतं, म्हणून एक्सपोजर मायनसमध्ये न्यायचं, म्हणजे फोटो मुद्दाम जरा काळोखा काढायचा. इथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत त्यामुळे पाचच्या आधीच उजाडतं, आणि चांगला उजेड साडेसहापर्यंतच, नंतर ऊन इतकं कडक की लाल डोकं नि काळं अंग एका फोटोत नीट येतच नाही. मी गवतात पालथा पडतो, त्याच्या डोळ्याच्या उंचीवर. भीती अजिबात नाही त्याला, एकदा लेन्सवर टोच मारून गेला. मला आवडलेला फोटो शटर मुद्दाम हळू ठेवून काढलाय, डोकं स्थिर आलंय आणि मागे पाचट नुसतं धुरळ्यासारखं उडतंय. स्वच्छ, कडक फोटो सगळेच काढतात, त्यात हा पक्षी काय करतो तेच कळत नाही.

आंब्याच्या बुंध्याला ट्रेल कॅमेरा बांधलाय, समोरून काही गरम हललं की तो आपोआप फोटो काढतो. रात्री त्यात पोसम (झाडावर राहणारा इथला लहान प्राणी) येतात, बँडिकूट (आपली घूस नव्हे, पोटाला पिशवी असलेला इथला छोटा प्राणी) जमीन उकरून जातो. आणि दिवसा एकदा घोरपड! आपल्याकडच्यापेक्षा लांब, अंगावर पट्टे, थेट ढिगात डोकं घालून अंडी शोधत होती. टर्की पाठ करून उभा राहिला आणि तिच्या तोंडावर माती उडवत राहिला. ती फ्रेम बघून तुमच्या सुनेला इतकं हसू आलं की चहा सांडला.

पिल्लं सात आठवड्यांनी निघतात. आई-बाप मदत करत नाहीत, पिल्लू खालून स्वतःच उकरत वर येतं, दोनेक दिवस लागतात त्याला, पिसं पूर्ण आलेली, काही तासांत उडतंसुद्धा. आपल्या कॅमेऱ्यात एकच सापडलं. पहिल्या फोटोत पाचटातून डोकं बाहेर, दुसऱ्यात बाप त्याच्याच अंगावर पालापाचोळा ओढतोय, तिसऱ्यात पिल्लू कुंपणाकडे पळतंय. ओळख नाही पाळख नाही. पलीकडच्या मांजरापासून वाचलं असेल तर बरं.

फोटो दादाला व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेत, नाहीतर क्वालिटी जाते. त्याला टीव्हीवर लावून दाखवायला सांगा, मोबाईलवर बघू नका. आणि आई, गुडघ्याचा एक्सरे काढलास का ते खरं खरं कळव, बाबा फोनवर नीट सांगत नाहीत.

तुमचा,
बाळू