चार बिंदू पुरेत : उदाहरण लिहिणाऱ्या मित्रास पत्र

पुणे

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा उदाहरणाचा खर्डा, दोन्ही मिळाले. मॅटप्लॉटलिबसाठी, म्हणजे आलेख काढणाऱ्या त्या पायथन लायब्ररीसाठी, काहीतरी करायचे असे तू गेली दोन वर्षे म्हणत होतास आणि अखेर उदाहरणांच्या लेखनाने आरंभ केलास, हे मला फार आवडले. कारण या लायब्ररीकडे येणारा माणूस बहुधा आधी तिच्या उदाहरणांच्या गॅलरीतली चित्रे चाळतो, हवे तसे चित्र सापडले की त्याखालचा कोड उचलतो आणि फंक्शनचे संदर्भपान नंतर, अडले तरच उघडतो.

आता खर्ड्याविषयी मोकळेपणाने लिहितो, रागावू नकोस. दोन रेषांमधला भाग रंगवणारे ‘फिल बिटवीन’ हे फंक्शन आणि त्यातला ‘इंटरपोलेट’ हा पर्याय तू निवडलास, हा विषय उत्तम आहे. परंतु तो पर्याय ज्या ओळीत आहे तिच्या डोक्यावर ‘येथे इंटरपोलेट सुरू केला आहे’ अशी कॉमेंट आहे, आणि तेवढे तर ती ओळ स्वतःच सांगते. पर्याय काढून टाकला तर चित्रात काय बिघडते, हे वाचकाला हवे असते. मी तो काढून फाइल चालवली. काहीच बिघडले नाही. तू सायनच्या वक्रासाठी 500 बिंदू घेतले आहेस, आणि ते एकमेकांना इतके खेटून आहेत की जी फट दाखवायची ती डोळ्यांना दिसतच नाही.

फट पडते ती अशी. कुठे रंगवायचे हे सांगणाऱ्या ‘व्हेअर’ या पर्यायात दिलेली अट प्रत्येक बिंदूपाशी तपासली जाते आणि लागोपाठचे दोन्ही बिंदू अटीत बसले तरच त्यांच्यामधला पट्टा रंगतो. समज, आडव्या अक्षावर 0, 1, 2, 3 असे चार बिंदू आहेत, पहिल्या रेषेच्या किमती 4, 3, 1, 0 आहेत आणि दुसरी रेषा 2 वर आडवी आहे. या रेषा 1.5 पाशी एकमेकींना छेदतात, पण तिथे आपला बिंदूच नाही. 1 पाशी पहिली रेषा वर असते, 2 पाशी खाली. त्यामुळे ‘वर असेल तर निळा’ आणि ‘खाली असेल तर तांबडा’ या दोन्ही अटी 1 ते 2 हा पट्टा वगळतात आणि छेदबिंदूच्या दोन्ही अंगांना पांढरे त्रिकोण उरतात. इंटरपोलेट सुरू केला की छेदबिंदू हिशेबाने काढला जातो आणि दोन्ही रंग तिथपर्यंत पोचतात. म्हणून 500 नव्हे, चार बिंदू घे. डाव्या चौकटीत पर्यायाविना, उजवीकडे पर्यायासह, आणि मधला मजकूर त्या दोन त्रिकोणांविषयी असू दे.

फाइलची मांडणी तू बरोबर केली आहेस. उदाहरणांच्या फाइलींची पाने बनवणारे स्फिंक्स-गॅलरी हे साधन सुरुवातीच्या डॉकस्ट्रिंगमधून, म्हणजे फाइलच्या माथ्यावरच्या वर्णनातून, पानाचे शीर्षक व प्रस्तावना घेते, हॅश (#) आणि दोन टक्केचिन्हांनंतरच्या कॉमेंटचा परिच्छेद करते आणि कोड खरोखर चालवून चित्रे पानावर ठेवते. कोड मोडला तर पाने तयार होतानाच बोंब होते. वाक्य चुकीचे झाले तर मात्र कोणालाच पत्ता लागत नाही, म्हणून वाक्ये कमी आणि तपासलेली ठेव.

याच कारणाने दुसऱ्या भागातल्या रँडम आकड्यांना सीड, म्हणजे दर खेपेला तेच आकडे निघावेत म्हणून द्यायची आरंभसंख्या, दे, नाहीतर प्रत्येक खेपेला नवे चित्र निघेल आणि ‘तिसरा बिंदू रेषेच्या वर आहे’ हे तुझे वाक्य कधी खरे, कधी खोटे ठरेल. गॅलरीत ठिकठिकाणी 19680801 हे सीड तुला दिसेल. 1 ऑगस्ट 1968 हा जॉन हंटर यांचा जन्मदिवस. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्संकेत पाहता यावेत म्हणून ज्यांनी ही लायब्ररी लिहायला घेतली आणि 2003 मध्ये खुली केली, ते हेच. 2012 मध्ये ते गेले. मला ती संख्या टाइप करताना दर वेळी जरा थांबल्यासारखे होते.

अक्षांना मराठी नावे दिल्यावर अक्षरांच्या जागी चौकोन का उमटले, असे तू विचारले आहेस. मूळ फॉन्ट डेजाव्हू सॅन्स आहे आणि त्यात देवनागरी नाही. चित्र काढताना आलेल्या इशाऱ्यात दिसलेला 2350 हा आपल्या ‘म’चा युनिकोडमधला क्रमांक. देवनागरी फॉन्ट दिलास की चौकोन जातील, पण माझ्याकडच्या आवृत्तीत अक्षरे साठवलेल्या क्रमानेच एकापुढे एक मांडली जातात, त्यामुळे ‘किंमत’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. या उदाहरणात तो प्रश्न नको. त्यावर वेगळे लिहू, आणि ते आपण दोघांनी मिळून लिहावे अशी माझी फार इच्छा आहे.

पुल रिक्वेस्टची, म्हणजे आपला बदल प्रकल्पात घ्यावा या विनंतीची, धास्ती घेऊ नकोस. दस्तऐवजाच्या बदलाला एका परीक्षकाची संमती पुरते आणि त्याने पाहायचे ते इतकेच, की आधी होते त्यापेक्षा हे बरे आहे का. नवा खर्डा पाठवण्याआधी मात्र इंटरपोलेट काढून फाइल एकदा चालव. चित्र बदलले तरच पाठव.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा मित्र