रेंज ट्रेकच्या वाटा छापता, तशा एसटीच्या वेळापण छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही आपल्या सातारा जिल्ह्यातल्या चार-पाच दिवसांच्या रेंज ट्रेकवर, म्हणजे डोंगररांगेवरून सलग चालत जायच्या वाटेवर, पानभर मजकूर दिलात, महाबळेश्वरच्या मागून मधुमकरंदगड, मग पर्वत नावाचा डोंगर, चकदेव आणि शेवटी कोयना धरणाच्या पाण्यावर उतरायचं. फोटो सुंदर होते, वाटेचं वर्णन पण चांगलं होतं. पण पाच दिवस माणूस खाणार काय, पाणी कुठं भरणार आणि शेवटच्या दिवशी घरी येणार कशानं, याच्यावर एक ओळ नव्हती. आता दिवाळीची सुट्टी तोंडावर आलीय, कॉलेजची पोरं ते पान मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवणार आणि निघणार, म्हणून हे पत्र लिहितोय. जमल्यास पूर्ण छापा, लांब झालंय पण कामाचं आहे.

पहिली गोष्ट गाडीची. एका दिवसाच्या ट्रेकला आपण गाडी पायथ्याला लावतो, वर जातो, खाली येतो, गाडीत बसतो. रेंज ट्रेक सुरू एका खोऱ्यात होतो आणि संपतो दुसऱ्या खोऱ्यात. समजा मधुमकरंदगडाच्या पायथ्याला चतुरबेटला गाडी लावली आणि पाचव्या दिवशी लाँचमधून बामणोलीला उतरलात, तर ती गाडी आणायला बामणोली ते सातारा, सातारा ते मेढा, मेढा ते महाबळेश्वर आणि तिथून परत खाली चतुरबेट असं सगळं फिरायचं, त्यात एक दिवस जातो आणि दोन माणसं अडकतात. त्यापेक्षा स्वतःची गाडी आणूच नका असं मी स्पष्ट सांगतो. एसटीनं या. महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, सहा जणांच्या ग्रुपमध्ये तीन मुली असतील तर खर्चाचा हिशोबच बदलतो. रेल्वेनं येणार असाल तर सातारा स्टेशन गावापासून लांब माहुलीच्या बाजूला आहे आणि कराडचं स्टेशन ओगलेवाडीला, स्टेशन ते स्टँड हा वेळ प्लॅनमध्ये धरा नाहीतर पहिलीच गाडी चुकते आणि पहिली चुकली की त्या दिवसाचा मुक्काम चुकतो.

आता खरी अडचण सांगतो. शिंदी, वळवण, अकल्पे, लामज, उचाट ही सगळी कांदाटी खोऱ्यातली गावं, जिल्हा सातारा, तालुका महाबळेश्वर. पण त्यांच्या आणि तालुक्याच्या मधे कोयनेचं पाणी पसरलेलं आहे, त्यामुळं इथल्या लोकांचा बराच व्यवहार रघुवीर घाटातून खाली कोकणात खेडला. एसटी पण खेडहून घाट चढून वर येते. म्हणजे खोरं साताऱ्याचं आणि गाडी रत्नागिरी जिल्ह्यातल्या डेपोची, मग सातारा स्टँडवर चौकशी खिडकीला विचारलं तर तिथल्या माणसाला त्या गाडीची वेळ कुठून माहिती असणार, त्याचा काही दोष नाही. पण चकदेवहून शिंदीत उतरणाऱ्याला नेमकी तीच वेळ पाहिजे असते. तीच कथा दक्षिणेकडं, कोयनानगर-हेळवाकच्या बाजूला ट्रेक संपला तर एक रस्ता कुंभार्ली घाटातून चिपळूणला आणि दुसरा पाटणवरून कराडला, मुंबईच्या माणसाला चिपळूणहून कोकण रेल्वे सोयीची पडते आणि सांगलीच्या माणसाला कराड. कोणती गाडी कुठल्या डेपोची, कुठं थांबते, शेवटची किती वाजता, हे एका जागी लिहिलेलं मला अजून कुठं दिसलेलं नाही.

मुक्कामी एसटीचं महत्त्व तर शहरात बसून कळतच नाही. संध्याकाळी शेवटच्या गावाला जाऊन रात्री तिथंच थांबणारी आणि सकाळी लवकर निघणारी गाडी हाच डोंगरातल्या माणसाचा आणि ट्रेकरचा सगळ्यात मोठा आधार. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात, गावातलं कोण आजारी आहे, कुठली वाट ढासळली, कुठल्या वाडीत आता कोणी राहत नाही, सगळं त्यांना माहिती असतं. त्यांच्याशी दहा मिनिटं बोललात तर नकाशात नसलेलं बरंच कळतं. आणि वडाप, म्हणजे माणसं भरून जाणारी खाजगी जीप. आठवडी बाजाराच्या दिवशी वडाप भरपूर, एरवी दुपारनंतर मिळेलच असं नाही, जत्रेत आणि शिमग्यात तर मुंबईची सगळी मंडळी गावाला आलेली असतात, पाय ठेवायला जागा नसते. म्हणून शेवटच्या दिवशी दुपारी बारा-एकच्या आत डांबरी रस्त्यावर येता येईल असाच शेवटचा टप्पा ठेवावा, मला तरी दुसरा उपाय दिसत नाही.

लाँचचं वेगळं. तापोळा, बामणोली इथं बोट क्लब आहेत, बोट सहसा अख्खी ठरवावी लागते, माणशी तिकीट काढून बसलो असं होत नाही. दोघंच असलात तर खर्च दोघांवर येतो, तेव्हा माणसं आधी बघा. पलीकडच्या काठावर न्यायला या असं सांगून ठेवलं असेल तर तारीख, वेळ आणि काठाचं नाव कागदावर लिहून द्या आणि एक गोष्ट नक्की बोलून ठेवा, अंधार पडेपर्यंत आम्ही दिसलो नाही तर काय करायचं. कारण बॅकवॉटरला बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नाही, तुम्ही खिंडीत अडकलात हे नाववाल्याला कळणार कसं? उन्हाळ्याकडं धरणाचं पाणी खाली जातं तसा काठ पण लांब जातो, डिसेंबरात जिथं बोट लागते तिथं एप्रिलमध्ये चिखल आणि भेगाळलेली जमीन, ती चाल वेळेत धरा. वासोटा किल्ला जोडायचा विचार असेल तर वनखात्याची परवानगी आधी काढा, ओळखपत्र जवळ ठेवा, आणि किल्ल्यावर मुक्काम करता येत नाही, त्याच दिवशी परत यावं लागतं, हे माहिती नसल्यामुळं पुढचे दोन दिवस कोलमडलेले ग्रुप मी बघितलेत.

आता खाण्याचं. बाहेरच्या देशात, म्हणजे अमेरिकेतल्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलसारख्या 4,265 किलोमीटरच्या वाटेवर, लोक स्वतःच्या नावानं खोकी भरून वाटेतल्या पोस्टात पाठवतात, पोस्ट ती 30 दिवसांपर्यंत सांभाळतं, चालणारा येतो, खोकं उचलतो, पुढं जातो. आपल्याकडं तशी पद्धत नाही पण आपल्याकडं वाड्या आहेत, आणि माझ्या मते ही सोय जास्त चांगली आहे, फक्त ती वापरायची रीत पाहिजे.

साधा हिशोब करा. कोरडा शिधा माणशी दिवसाला साधारण 650 ग्रॅम धरला तर पाच दिवसांचे सव्वातीन किलो होतात, सहा जणांचे साडेएकोणीस. तिसऱ्या दिवशी एखाद्या गावात शिधा परत भरून घेता आला तर हे वजन निम्म्यावर येतं. पण काय विकत मिळतं आणि काय मिळत नाही हे नीट समजून घ्या. वाडीतल्या दुकानात चहापत्ती, साखर, बिस्किटचे पुडे, तेल, मीठ मिळतं, घरातून तांदूळ, नाचणीचं पीठ, कधी अंडी मिळतात. गॅसचं काट्रिज मिळत नाही, हेडलॅम्पचे सेल मिळतील याची खात्री नाही, ओआरएस आणि गुडघ्याची पट्टी तर नाहीच. म्हणजे जड आणि स्वस्त वस्तू गावातून घ्या, हलक्या आणि न मिळणाऱ्या वस्तू घरून घ्या. लोक नेमकं उलटं करतात, कांदे-बटाटे पाठीवर आणि औषधं विसरलेली. आणि रेल्वेत गॅस न्यायला बंदी आहे, त्यामुळं स्वयंपाक शक्यतो गावातल्या चुलीवर होईल असे मुक्काम निवडा. चालताना खायला दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, खजूर, चिक्की, सातूचं पीठ हे सगळं टिकतं, पोटाला जड होत नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, महागडे एनर्जी बार कशाला पाहिजेत.

मधल्या गावात सामान आधी पोचवून ठेवायचं असेल तर पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा वापरा, प्लॅस्टिकची पिशवी एका रात्रीत उंदीर फोडतात आणि देवळात ठेवलेलं सामान माकडं सोडत नाहीत. डबा कोणाच्या तरी घरात ठेवा, त्यावर नाव, तारीख आणि तुम्ही आला नाहीत तर ते सामान त्या घरानं वापरावं असं लिहून ठेवा.

जेवण सांगायचं असेल तर किमान एक दिवस आधी आणि नक्की आकडा. या वाड्यांमधली तरणी माणसं मुंबईला, बरीचशी माथाडीत, घरात म्हातारा-म्हातारी आणि एखादी सून. संध्याकाळी सात वाजता वीस जण दारात उभे राहिले तर ती मावशी नाही म्हणत नाही, स्वतःच्या डब्यातलं पीठ काढते, चार कोसावरनं आणलेलं पाणी तुम्हाला देते. हे आपण करू नये. सांगायचं कसं, तिथं तर फोन लागत नाही, असं पोरं विचारतात. बऱ्याच गावांचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ असतं, मंडळातल्या माणसाला फोन केला की गावात निरोप पोचतो, माझ्या अनुभवात हा मार्ग सगळ्यात खात्रीचा. पैसे मागायच्या आधी द्या आणि हॉटेलात देता तेवढे द्या.

आणि पाणी. शिध्यापेक्षा पाण्याचं वजन जास्त होतं हे लोकांच्या लक्षात येत नाही. माणशी चार लिटर म्हणजे चार किलो, पाच दिवसांच्या शिध्यापेक्षा जास्त, आणि ते रोज लागतं. त्यामुळं मुक्काम ठरवताना आधी पाणी बघा, मग जागा. आपल्या घाटमाथ्यावर महाबळेश्वर, कासच्या बाजूला वर जांभा आहे आणि खाली काळा बेसॉल्ट, जांभ्यात पाऊस मुरतो आणि दोन्ही थर जिथं मिळतात तिथं झरा फुटतो, म्हणून सडा, म्हणजे वरचं सपाट कातळी पठार, वाळलेला असला तरी कड्याखाली पाणी सापडतं, सड्यावर शोधत बसू नका. गडावरची टाकी दिवाळीनंतर भरलेली असतात पण फेब्रुवारी-मार्चकडं पाणी कमी होतं, हिरवं होतं, पिण्यालायक राहत नाही. वाट सांगणाऱ्याला पाणी आहे का एवढंच विचारू नका, मागच्या आठवड्यात ते कोणी बघितलं होतं का हे विचारा.

जुन्या नकाशांवर विसंबणाऱ्यांना एक विनंती. कोयना धरणानं किती गावं उठली आपल्याला माहितीच आहे, नंतर अभयारण्य झालं, 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आतली आणखी गावं पुनर्वसनात बाहेर आली. चांदोलीकडं, म्हणजे शिराळ्याच्या बाजूला पण तेच. नकाशावर गावाचं नाव असतं, प्रत्यक्षात जोती, एखादं देऊळ आणि रान. तिसऱ्या दिवशीचा शिधा अशा गावात मिळेल असं धरून निघालेला माणूस उपाशी राहतो, आणि परवानगीशिवाय तिथं शिरला तर कायद्यातपण अडकतो. गाव आज नांदतंय का हे आधी विचारून घ्या, वनखात्याच्या नाक्यावर किंवा जवळच्या ग्रामपंचायतीत.

प्रत्येक दिवसाला एक उतरायची वाट ठरवून ठेवा, कोकणात उतरणार का पाण्याकडं, आणि तिथून गाडी कोणती. हे सगळं एका कागदावर लिहून त्याची एक प्रत घरी, एक सुरुवातीच्या गावात. 112 आणि 108 हे नंबर आहेतच, पण ते लावायला रेंज लागते, म्हणून कागद.

संपादक साहेब, तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. तुमचे वार्ताहर महाबळेश्वर, मेढा, पाटण, कराड आणि खेडला सगळीकडं आहेत. दिवाळीच्या आधी एक चौकट छापा, घाटमाथ्यावरच्या आणि बॅकवॉटरकाठच्या गावांच्या एसटी, मुक्कामी कुठली, परतीची शेवटची कुठली, लाँच आणि तराफ्याच्या वेळा, वनखात्याच्या परवानगीची जागा. दर दोन महिन्यांनी ती दुरुस्त करून परत छापा कारण वेळा बदलतात. त्या गावच्या लोकांनापण तिचा उपयोग होईल, मुंबईहून येणाऱ्या त्यांच्या पोरांना तर नक्कीच. एसटीच्या अधिकाऱ्यांनापण विनंती की दुसऱ्या डेपोच्या गाड्या आपल्या जिल्ह्यातल्या गावात येत असतील तर त्यांच्या वेळा सातारा आणि महाबळेश्वर स्टँडच्या फलकावर लिहाव्यात, खडूनं लिहिल्या तरी चालेल. सुरुवात खेडहून रघुवीर घाटातून येणाऱ्या गाडीपासून करा, सगळ्यात जास्त विचारणा तिचीच होते.

आपला,
एक नियमित वाचक, गोडोली, सातारा