शनिवारच्या बैठकीसाठी : लहान-मोठी संख्या (पहिली-दुसरीचे वर्ग)

नमस्कार मंडळी,
शनिवारी सकाळच्या शाळेनंतर साडेअकराला बसू. येताना गणित पेटीतली शंभर मण्यांची माळ, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि मूठभर चिंचोके आणा. मागच्या वेळी निम्म्या पेट्या कपाटातच राहिल्या होत्या, म्हणून आधीच सांगतेय.

< आणि > या चिन्हांची घाई नको. ‘मगर मोठ्या संख्येकडे तोंड उघडते’ हे मुलांना पाठ होतं, पण कोणती मोठी हेच कळलेलं नसतं. माझ्या वर्गात एकाने 19 आणि 21 मध्ये 19 मोठे म्हटलं. का रे? तर म्हणे, ‘त्यात नऊ आहे ना!’ काड्या मांडायला लावल्या. एक गठ्ठा नऊ सुट्ट्या, दोन गठ्ठे एक सुट्टी. बघत राहिला आणि स्वतःच खोडलं.

दुसरी अडचण आपल्या भाषेची. ‘एकोणतीस’मध्ये मुलाला ‘तीस’ ऐकू येतं आणि पाटीवर 39 उमटतात. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात 21 चं ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गहजब झाला! मला विचाराल तर दोन्ही म्हणून घ्यावं : वीस नऊ, म्हणजे एकोणतीस, तिसाला एक कमी. माळेवर तिसाच्या अलीकडचा मणी बोटाने धरायला लावा.

पहिलीवाल्यांनी दहा चिंचोके आणि चार बटाटे शेजारी ठेवून ‘जास्त कुठे?’ एवढंच विचारून यावं. उत्तरं जशीच्या तशी लिहून आणा, सुधारून नकोत.

चहा आहे.