भरती नसलेल्या समुद्रावरून

मॉन्पेलिए, फ्रान्स, १ जून २०२६

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल रात्री सेतहून परत आले. फोनवर बोलणं झालंच, पण फोनवर बाबांचे प्रश्न संपत नाहीत आणि आईच्या वाट्याला जेमतेम ‘जेवलीस का’ एवढंच येतं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सेत हे भूमध्य समुद्रावरचं बंदराचं गाव, इथून रेल्वेने वीसेक मिनिटांवर. मी, माझी नाशिकची रूममेट, एक ब्राझीलचा मित्र आणि एक ट्युनिशियाची मैत्रीण असे चौघं शुक्रवारी दुपारी निघालो. पोचलो तेव्हा ट्रॉलर परतायची वेळ झाली होती. गावाच्या मधून कालवा जातो आणि हे मोठाले ट्रॉलर हॉटेलांच्या खुर्च्यांसमोरून त्या कालव्यात शिरतात, मागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा. लिलाव मात्र बंद इमारतीत, संगणकावर. हर्णैच्या वाळूत जसे वाटे मांडून आरडाओरडा करत बोली लागते, तसलं काही नाही. मला ते फार सुनं वाटलं.

बाबा, मी धक्क्यावर गेले आणि सवयीने आधी दोर बघितले. आपल्याकडे होडी बांधताना ओहोटीचा अंदाज घेऊन दोर सैल सोडतात. इथे सगळे दोर आखूड, ताणून बांधलेले. धक्क्याच्या दगडावर ओल्या-सुक्याचा पट्टाही नाही, फक्त पाण्यालगत हिरवी रेघ. कालव्याकाठच्या घरांच्या पायऱ्या पाण्यापासून हातभर वर, आणि पाणी तिथवर कधी चढेल याची कुणाला काळजी नाही. काल पौर्णिमा होती. तुमच्या हिशोबाने तिथीची, म्हणजे पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला तिकडे उधाणाची भरती आली असणार. इथे मी सकाळी एका पायरीवर बसून पाण्यावर लक्ष ठेवून होते. वीतभरसुद्धा हललं नाही. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर आहे. तेवढ्या दारातून अटलांटिकची भरती आत पुरेशी येऊ शकत नाही, आणि स्वतःची मोठी भरती उठावी एवढा हा समुद्र मोठा नाही. हे सगळं मी वर्गात शिकले आहे. पण डोळ्यांनी बघताना जीव कासावीस झाला. ओहोटीला सुवर्णदुर्गाकडचे खडक उघडे पडायचे आणि तुम्ही मला घेऊन तिथवर चालत जायचात, तेच सारखं आठवत राहिलं.

मी हे बोलून दाखवलं, तर ट्युनिशियाची मैत्रीण म्हणाली, ‘आमच्या गाबेसला ये, तिथे आहे भरती.’ आणि खरंच आहे! याच समुद्राच्या दक्षिण काठावर गाबेसच्या आखातात पाणी दोनेक मीटर चढतं. जवळच्या केर्केना बेटांवर लोक उथळ पाण्यात खजुराच्या झावळ्यांचं कुंपण रोवतात. ओहोटीच्या ओढीने मासे त्या कुंपणाकडेने सापळ्यात जातात. युनेस्कोने २०२० साली ही पद्धत आपल्या वारशाच्या यादीत घेतली. तिचे आजोबा असंच मासे धरायचे. मग आम्ही दोघी रात्री उशिरापर्यंत भरतीच्या गोष्टी करत बसलो.

शनिवार सगळा कालवांचा, पाण्याच्या कालव्यांचा नव्हे, शिंपल्यातल्या कालवांचा. आई, हे तुझ्यासाठी. गावाच्या मागे ‘तो’ नावाचं खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे, ७५ चौरस किलोमीटरचं. त्याच्या पलीकडच्या बुझिग गावी गेलो. आपल्याकडे बायका ओहोटी बघून खडकांवर बसतात आणि कालवं फोडून काढतात. इथे ओहोटीच नाही, तर कालवं दोराला टांगून वाढवतात. एका शेडमध्ये एक बाई काम करताना बघितली. डाव्या हातात नखाएवढी नव्हे, चांगली सुपारीएवढी पिल्लं. सिमेंटचा छोटा गोळा दोरावर थापायचा, त्यात दोन-तीन कालवं रुतवायची, बोटभर जागा सोडून पुढचा गोळा. हात इतका बसलेला की आमच्याशी बोलताना तिने खाली एकदाही पाहिलं नाही. सिमेंट वाळलं की दोर पाण्यात. आणि बाबा, यापुढचं ऐका. सतत पाण्यात राहिलेल्या कालवाला शिंपला घट्ट मिटून धरायची सवय लागत नाही, म्हणून इथले काही शेतकरी सौर ऊर्जेवरच्या मोटरींनी दोर ठरावीक वेळ पाण्याबाहेर उचलून धरतात. म्हणजे ओहोटी विकत घेतात! आपल्याला ती दिवसातून दोनदा फुकट मिळते.

कालवं तिथेच लिंबू पिळून कच्ची खाल्ली. आई, ओरडू नकोस, पोट अगदी ठीक आहे. चव चांगली होती, पण तुझं कालवांचं सुकं ते तुझंच. मला जास्त आवडली ती तिएल: ऑक्टोपसचे तुकडे टोमॅटोच्या तिखट रश्शात शिजवून भरलेली वाटीएवढी बंद पोळी, कडेला करंजीसारखी मुरड. इटलीहून आलेल्या कोळ्यांनी ती इथे आणली.

सेंट क्लेअर टेकडीवर चढलो, वाटेत समुद्राकडे तोंड केलेली दफनभूमी लागली. पोल व्हॅलेरी या याच गावच्या कवीला तिथे पुरलं आहे. वरून एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला सरोवर. आईचे गुडघे लक्षात घेऊन चौकशी केली, वर बस जाते.

आता मुद्द्याचं. हे बंदर १६६६ साली बांधायला घेतलं, तेव्हापासून इथे होड्यांवरची झुंज चालते. एक होडी तांबडी, एक निळी. मागच्या उंच फळीवर ढाल आणि लांब भाला घेऊन पांढऱ्या कपड्यातला गडी उभा. होड्या समोरासमोर येतात आणि एकजण कालव्यात पडतो. मोठी स्पर्धा २५ ऑगस्टच्या आसपास, सेंट लुईच्या सणाला. यंदा अधिक महिन्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत. लावणी तोवर उरकलेली असेल, तेव्हा ‘शेत कोण बघणार’ हे कारण चालणार नाही. तुम्ही दोघं या. जन्मभर पंचांग बघून गावाला भरतीची वेळ सांगणाऱ्या माझ्या बाबांनी या पायरीवर माझ्याशेजारी बसावं, अशी माझी फार इच्छा आहे.

बाबा, दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो आजच पाठवा, अर्ज मी इथून भरते. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागेल, मामाकडे उतरा. आईच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या, आणि आई, चालायचे बूट आत्ताच घेऊन पायात रुळव.

तुमची लेक