गाणाऱ्यांना तुरुंगात टाकणाऱ्यांच्या मंचावर आपला झेंडा कशाला? संस्कृती मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय संस्कृती मंत्री महोदय यांस,
सविनय नमस्कार.

मी कोरसमध्ये गाते. मुख्य गायकाच्या दोन पावलं मागे उभं राहून सूर धरणाऱ्यांपैकी एक, त्यामुळे माझं नाव आपल्या कानावर असण्याचं कारण नाही. पण पत्र लिहिण्याचं कारण ताजं आहे. गेल्या आठवड्यात एका संस्थेच्या परदेश दौऱ्याच्या यादीतून माझं नाव कापलं गेलं. तारखा मी राखून ठेवल्या होत्या, दुसरी कामं सोडली होती. समन्वयकांना फोन केला तर म्हणाले, "ताई, तुम्हाला अटी पटत नाहीत ना, मग कशाला तुम्हाला त्रास द्यायचा?"

हे 'अटी पटत नाहीत' प्रकरण जुनं आहे. याच संस्थेने काही काळापूर्वी एका आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेसाठी कोरस जमवला होता. करार हातात आला तेव्हा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात एक कलम दिसलं: यजमान देशाच्या अंतर्गत बाबींविषयी कलाकार मंचावर, मुलाखतीत किंवा समाजमाध्यमांवर कोणतंही वक्तव्य करणार नाही. त्या देशात गाण्यांपायी माणसं आत आहेत, हे मला ठाऊक होतं. मी विचारलं, तिथे एखाद्या तुरुंगातल्या गायकाचं नुसतं नाव घेतलं तर? उत्तर आलं, "ताई, आपण गायला चाललोय." मी सही केली नाही. तेव्हा संस्थेने ईमेलवर लिहून दिलं होतं की, तुमच्या निर्णयाचा आदर आहे, पुढच्या कामांवर याचा परिणाम होणार नाही. तो शब्द पुढची यादी निघेपर्यंतच टिकला. आता ग्रुपमधूनही मला काढलं आहे. ज्या मुलींना मी हार्मनी शिकवली, त्या फोन उचलताना अडखळतात. त्यांनाही पोट आहे, मी त्यांना दोष देत नाही.

आपण म्हणाल, खाजगी संस्थेचा मामला, माझा काय संबंध? संबंध आहे, साहेब. दमनकारी सरकारांच्या स्पर्धांना देशाच्या नावाने जायचं की नाही, याचा एक ओळीचाही जाहीर नियम मला कुठे सापडला नाही. नियम नसला की हा निर्णय समन्वयक घेतात, आणि त्याची किंमत शेवटच्या रांगेतल्या बाईकडून वसूल होते.

२० सप्टेंबर २०२५ रोजी मॉस्कोत 'इंटरव्हिजन' ही आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धा झाली. वीसहून जास्त देशांचे कलाकार, त्यात भारताच्या नावानेही एक गायक होता. ही स्पर्धा पुन्हा का जन्माला आली ते लपलेलं नाही. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि दुसऱ्याच दिवशी युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गीतस्पर्धेने रशियाला बाहेर काढलं. मग पुतिन यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत हुकूम काढून सोव्हिएत काळातली जुनी स्पर्धा उठवून उभी केली. विजेत्याला तीन कोटी रूबल. बक्षीस गाण्याला होतं, पण जगाला दाखवायचं होतं ते एवढंच की बघा, आम्ही एकटे पडलेलो नाही. त्या दाखवण्यात आपला झेंडाही होता.

त्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यावर अठरा वर्षांची एक मुलगी कीबोर्ड लावून गात होती. सोबत ड्रम आणि गिटार, भोवती तिच्याच वयाची गर्दी, आणि सगळी गर्दी तिच्याबरोबर गात होती. गाणी होती देश सोडून गेलेल्या, सरकारने 'परकीय हस्तक' ठरवलेल्या गायकांची. पोलिसांनी तिला आणि तिच्या साथीदारांना उचललं. विनापरवाना जमाव जमवल्याबद्दल तेरा दिवसांची कोठडी झाली, ती संपता संपता पुन्हा अटक, आणि अखेर तिला देश सोडावा लागला. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आहे. त्या पोरीच्या आवाजात ताण नाही, सूर स्वच्छ आहे. मॉस्कोच्या त्या झगमगाटात बसलेल्या कुठल्या परीक्षकाने तिला गुण दिले असते?

आणि पावेल कुशनीर. रशियन पियानिस्ट, वय ३९. युद्धाच्या विरोधात यूट्यूबवर व्हिडिओ टाकत होता, चॅनेलला सदस्य पाच. पाच! एवढ्या आवाजाचीही त्या सत्तेला भीती वाटली. जुलै २०२४ मध्ये रशियाच्या अतिपूर्वेतल्या बिरोबिजान शहराच्या कोठडीत उपोषण करता करता तो गेला. आम्ही कलाकार रोज हाताला जपतो, गळ्याला जपतो. त्या माणसाचे हात कोठडीत थंड पडले आणि वर्षभराने त्याच देशात जगभरचे गायक 'मैत्री'ची गाणी म्हणत होते.

पुढची इंटरव्हिजन सौदी अरेबियात होणार असं मॉस्कोतच जाहीर झालं. मार्च २०२२ मध्ये तिथे एका दिवसात ८१ जणांना देहदंड दिला गेला. २०२४ या एका वर्षात तीनशेहून जास्त. स्त्रियांना गाडी चालवू द्या म्हणणाऱ्या लुजैन अल-हथलूलला मे २०१८ मध्ये पकडलं, पुढच्याच महिन्यात स्त्रियांना परवाने दिले, आणि तिला मात्र २०२१ पर्यंत डांबून ठेवलं. तिथे आपण कोणतं गाणं पाठवणार आहात?

मला माहीत आहे काय उत्तर येतं. संगीत माणसं जोडतं, दारं बंद केली तर तिथल्या लोकांपर्यंत पोहोचणार कसं, स्पर्धेमुळे देश हळूहळू खुले होतात. हे युक्तिवाद मी मनापासून ऐकले आहेत, एके काळी मलाही पटायचे. पण मग अझरबैजानची राजधानी बाकू बघा. २००९ मध्ये अझरबैजानमधल्या ४३ जणांनी युरोव्हिजनमध्ये आर्मेनियाच्या गाण्याला मत दिलं. त्यांच्यापैकी काहींना सुरक्षा खात्याने बोलावून जाब विचारला: शत्रूला मत का दिलं? गाणं आवडलं म्हणून चौकशी! आणि तीनच वर्षांनी, २०१२ मध्ये, तीच स्पर्धा त्याच देशाच्या राजधानीत भरली. समुद्रकाठी क्रिस्टल हॉल उभा राहिला, त्या परिसरातल्या लोकांना घरांतून हुसकावल्याच्या तक्रारी ह्यूमन राइट्स वॉचने मांडल्या. स्वीडनची लोरीन तिथल्या मानवी हक्क कार्यकर्त्यांना जाऊन भेटली आणि मग स्पर्धाही जिंकली. तिचं मला आजही कौतुक वाटतं. पण देश खुला झाला का? त्या हॉलच्या बांधकामातून राष्ट्राध्यक्षांच्या कुटुंबाला फायदा होतो, हे खदिजा इस्मायिलोवा या पत्रकार बाईंनी उघड केलं होतं. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांना अटक झाली, पुढच्या वर्षी साडेसात वर्षांची शिक्षा. २०१६ मध्ये त्या सुटल्या. युरोपचे कॅमेरे केव्हाच घरी गेले होते.

दुसरं उदाहरण नेहमी पोर्तुगालचं दिलं जातं, आणि ते खरंच वजनदार आहे. एप्रिल १९७४. हुकूमशाही पोर्तुगालने युरोव्हिजनला पाठवलेलं गाणं तळाला गेलं, आणि काही दिवसांतच, २४ एप्रिलच्या रात्री, लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी तेच गाणं रेडिओवर उठावाची पहिली खूण म्हणून वापरलं. बघा, म्हणतात, स्पर्धेतल्या गाण्याने क्रांती झाली! पण ते निवडलं गेलं कारण ते साधं प्रेमगीत होतं, कुणाला संशय येणार नव्हता. मध्यरात्रीनंतर वाजलेली दुसरी खूण जोझे अफोन्सो यांच्या गाण्याची होती. त्यांच्या कित्येक गाण्यांवर त्या सत्तेने बंदी घातली होती. त्यांना कधी कुणी देशाचा झेंडा देऊन स्पर्धेला पाठवलं नव्हतं. सत्ता कुणाला पाठवते हे स्पेननेही दाखवून दिलं. १९६८ मध्ये गायक जोआन मानुएल सेर्रात स्पेनमधल्याच कॅटलान भाषेत गाणार म्हणाला, तर हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने त्याला बदललं आणि तेच गाणं दुसऱ्या गळ्यातून स्पॅनिशमध्ये गाऊन घेतलं. ते जिंकलं. स्पर्धा विजेत्याच्या देशात भरते, म्हणून पुढच्या वर्षी सगळा युरोप माद्रिदला गेला. ऑस्ट्रियाने मात्र कुणाला पाठवलं नाही.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. जे सरकार गाण्यासाठी गायकाला तुरुंगात टाकतं, त्या सरकारचा झेंडा गीतस्पर्धेत नको. त्या देशातला गायक हवा, हद्दपार झालेला तर आधी हवा, हवं तर झेंड्याविना गाऊ दे. बाहेर ठेवायचं ते सरकारला आणि त्याची तळी उचलणाऱ्या वाहिनीला. हे अशक्य नाही. २०२१ मध्ये युरोव्हिजनने बेलारूसचं गाणं सरकारविरोधी आंदोलकांची टर उडवणारं म्हणून परत पाठवलं, मग स्पर्धेतून बाद केलं, आणि तिथल्या सरकारी वाहिनीवर जबरदस्तीने घेतल्यासारख्या दिसणाऱ्या मुलाखती झळकल्यावर युरोव्हिजन भरवणाऱ्या युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने त्या वाहिनीचं सदस्यत्वच निलंबित केलं.

पण तिथेही नियम माणूस बघून बदलतो, आणि याचा मला तितकाच संताप आहे. रशियाला एका दिवसात बाहेर काढणाऱ्या याच युनियनला गाझाच्या विध्वंसानंतर इस्रायलबद्दल दोन वर्षं ठाम काही ठरवता आलं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये जिनिव्हात इस्रायलचा पुढच्या युरोव्हिजनचा मार्ग मोकळा झाला आणि स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया, आइसलँड बाहेर पडले. कुणी म्हणेल, म्हणूनच राजकारण आणू नका. मी म्हणते, म्हणूनच निकष लिहून ठेवा आणि मित्राला, शत्रूला, सगळ्यांना लावा. उद्या कुणी तोच निकष आपल्याला लावला तर? लावू देत! आपल्याकडे गाण्यावरून, कवितेवरून गुन्हे दाखल होत नाहीत का? बाहेरच्याने विचारलं तर निदान आपल्याला उत्तर द्यावं लागेल. इथे आम्ही विचारलं तर यादीतून नाव जातं.

आणि हा काही आपल्या परंपरेबाहेरचा विचार नाही, मंत्रिमहोदय. १९७४ मध्ये भारताचा टेनिस संघ डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. समोर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका. आपण खेळलो नाही. कप सोडून दिला. अमृतराज बंधूंच्या उमेदीतली ती संधी होती, ते दुःख त्यांनी पचवलं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की आपण टेनिस खेळायला चाललोय. ती वर्णद्वेषी राजवट आज कुठे आहे?

आता तुमच्याकडे अधिकारी आहेत, समित्या आहेत, महोत्सव आहेत. कलाकार कोण निवडतं, कशावरून निवडतं, नाकारलं तर का नाकारलं, हे विचारायला खिडकी नाही. मानधन महिनोन्महिने येत नाही, आणि मागितलं की 'त्रासदायक' असा शिक्का बसतो. पाहुण्याच्या हातात द्यायच्या पुष्पगुच्छासारखं आम्हाला वापरायचं, कुणाच्या हातात जातोय हे गुच्छाने विचारायचं नाही. तीस-चाळीस वर्षं गळा झिजवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, ज्यांच्याकडे म्हातारपणी दाखवायला एक प्रमाणपत्रही नाही, कारण कोरसचं नाव कुठे छापलंच जात नाही. आमच्याकडे होतं काय, तर एक 'नाही' म्हणण्याचा हक्क. तोही करारातल्या बारीक अक्षरात काढून घेतला.

माझी बुडालेली तारीख मला परत नको आहे. त्या यादीत मी पाय ठेवणार नाही. पण देशाच्या नावाने, जनतेच्या पैशाने जे कलाकार बाहेर जातात, त्यांच्या करारात तोंड बंद ठेवण्याचं कलम घालायला तुम्ही बंदी करा, आणि नकार देणाऱ्याचं पुढचं काम तोडणाऱ्या संस्थेला सरकारी मदत थांबवा. ही दोन कामं तुमच्या एका सहीची आहेत.

राहिला प्रश्न सौदीचा. तिथल्या इंटरव्हिजनला भारताचा अधिकृत कलाकार जाणार की नाही? 'विचाराधीन आहे' हे उत्तर नको. जाणार असेल तर कोणत्या निकषावर, कुणाच्या सहीने, आणि तो कलाकार तिथे तुरुंगातल्या माणसाचं नाव घेऊ शकेल का, हे स्पर्धेच्या आधी, लेखी कळवा.

आपली,
कोरसमधली एक गायिका