गाडी सुरू होत नाही? आधी मोजा, मग बॅटरी बदला

संपादक महोदय,
स. न.

गाडी स्टार्ट झाली नाही की पहिला निवाडा ठरलेला असतो: बॅटरी गेली. पुष्कळदा ती गेलेली नसते. नवी बॅटरी बसवताना टर्मिनल घासून घट्ट केली जातात, गाडी सुरू होते आणि निदान बरोबर होतं असंच सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात दोष त्या घासण्यानेच गेलेला असतो आणि चांगली बॅटरी भंगारात जाते. हे थांबावं म्हणून हे पत्र.

सेल्फ मारल्यावर काय ऐकू येतं, यावरच निम्मं निदान होतं. लागोपाठ ‘कट-कट-कट’ होऊन डॅशबोर्डचे दिवे मंदावत असतील तर स्टार्टरला (इंजिन फिरवणाऱ्या मोटरला) पुरेसा करंट मिळत नाही. एकच ‘टक्’ होऊन दिवे तसेच प्रखर राहिले तर संशय सोलेनॉइडच्या (स्टार्टरला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचच्या) कॉन्टॅक्टवर किंवा स्टार्टरच्या झिजलेल्या ब्रशवर घ्यावा. काहीच आवाज नाही आणि हेडलाइट मात्र लख्ख, असं असेल तर आधी साध्या गोष्टी बघा: ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये आहे का, क्लच पूर्ण दाबलाय का, दुचाकीचा किल स्विच बंद किंवा साइड स्टँड खाली तर नाही ना. त्यानंतर फ्यूज आणि स्टार्टर रिले (सेल्फचा करंट चालू-बंद करणारा छोटा विद्युत स्विच) तपासा.

आता मोजणी. मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण चार्ज आहे, 12.4 म्हणजे साधारण पाऊण, आणि 12 म्हणजे जेमतेम पाव. पण नुसत्या या आकड्यावर विसंबू नये, कारण प्लेट खराब झालेली बॅटरीही लोड नसताना 12.6 दाखवू शकते. सेल्फ मारत असतानाचा आकडा खरा. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी तेव्हा 9.6 व्होल्टच्या खाली जात असेल, तर ती बदलायला हरकत नाही.

यापुढची चाचणी फारसं कोणी करत नाही, आणि खरा चोर तिथेच सापडतो. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेका, दुसरी त्याच खुंटावर बसलेल्या क्लॅम्पवर, आणि दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगा. आकडा जवळपास शून्य हवा. अर्धा व्होल्ट आला तर तो जोडच व्होल्टेज खातोय. स्टार्टर 150 अँपिअर ओढत असेल तर 0.01 ओहमचा रेझिस्टन्सही दीड व्होल्ट गिळतो, आणि पांढऱ्या-हिरवट बुरशीचा पातळ थर तेवढा रेझिस्टन्स सहज देतो. मग निगेटिव्ह खुंट आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यामध्ये असंच मोजा. 0.3 व्होल्टच्या वर आकडा म्हणजे अर्थिंगची केबल सैल किंवा गंजलेली.

सफाईसाठी पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा पुरतो. तो बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नका. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. उलट केलं आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्टसर्किट होतं.

इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय पण पेट घेत नाही, तेव्हा बॅटरी आणि स्टार्टर दोघेही निर्दोष असतात. इमोबिलायझरचा (चावी ओळखली नाही तर इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेचा) दिवा लुकलुकतोय का ते बघा. बहुतेक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत चावी ऑन केल्यावर मागून दोनेक सेकंद इंधनाच्या पंपाची घरघर येते. ती नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले तपासा. डिझेल संपेपर्यंत चालवलेल्या गाडीच्या लाइनमध्ये हवा धरते. हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलायचा हातपंप) असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. सेल्फ मात्र एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा, नाहीतर स्टार्टरची वाइंडिंग तापून जळते.

गाडी सुरू झाल्यावर पुन्हा मोजा. बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. आकडा 12च्या आसपासच राहून खाली घसरत असेल तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा जनित्र) किंवा तो फिरवणारा बेल्ट बघा. तो दोष तसाच ठेवून घातलेली नवी बॅटरीही उतरेल.

दुसऱ्या गाडीवरून जंप देताना लाल केबल दोन्ही पॉझिटिव्हना, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि काळीचं दुसरं टोक बंद गाडीच्या बॅटरीला नव्हे, तर बॅटरीपासून लांब इंजिनच्या उघड्या धातूला लावा. शेवटचा जोड लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून चटकन पेट घेणारा हायड्रोजन बाहेर पडत असतो.

आपला,
वाहनदुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक