बेसमेंटमधल्या खोलीला कुलूप नको : अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष महोदय,
सहकारी गृहरचना संस्था

विषय : पंपरूमशेजारची खोली बंद करण्याच्या नोटिशीबाबत

महोदय,

फलकावरची नोटीस वाचली. बेसमेंटमध्ये जमणाऱ्या मुलांचा ‘कर्कश व अखंड आवाज’ तातडीने बंद करावा, असं तिच्यात म्हटलंय. अखंड हे खरं. कर्कश मात्र नाही. ती खोली बरोब्बर माझ्या बैठकीच्या खाली आहे, तेव्हा एवढं बोलण्याचा हक्क मला असावा.

ही मुलं गाणी वाजवत नाहीत, एकच सूर तास-तासभर लावून धरतात. जुन्या हार्मोनियमच्या दोन पट्ट्या कागदाच्या घड्या खोचून दाबून ठेवलेल्या, एक जण भाता मारतोय, दुसरा व्हायोलिनच्या गजाने गिटार घासतोय. आपल्याला हे खूळ वाटेल, पण ते जुनं आहे. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ला मॉन्टे यंग, मारियन झाझीला, टोनी कॉनराड आणि जॉन केल ही कलावंत मंडळी ‘थिएटर ऑफ इटर्नल म्युझिक’ या नावाने हेच करत. घरातल्या कासवाच्या टाकीची मोटर ज्या सुरात गुणगुणे, त्या सुराला धरून ती वाजवत. मोटरचा सूर विजेवर ठरतो; तिकडची वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५०ची. आपल्या मुलांनीही पाण्याच्या पंपाचाच सूर धरलाय.

तक्रारीचा सगळा घोळ इथेच आहे. रात्री अकराला भिंतीतून जे घूंऽऽ येतं, ते मुलांचं नसतं. ती नऊला कुलूप लावून किल्ली वॉचमनकडे देतात. ते घूं बूस्टर पंपाचं. त्याच्याखालचे रबरी पॅड चपटे झालेत, भिंतीकडच्या कोपऱ्यात तर लोखंड थेट सिमेंटवर टेकलंय. खाली जाऊन हात लावून बघावं.

पुढे १९७०मध्ये यंग आणि झाझीला पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. प्राणनाथ म्हणजे किराणा घराणं, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शागीर्द. याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, ज्यांच्या नावाच्या महोत्सवाला आपण दर डिसेंबरात शाली गुंडाळून जातो. तिथे तंबोऱ्याच्या घुमाऱ्याचा कुणाला त्रास होत नाही. तो घुमारा यावा म्हणूनच तर मिरजेचे कारागीर घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासून जवारी (तारेचा तो गुंजणारा नाद) काढतात. त्या तंबोऱ्याला २०२४मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, तेव्हा आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला होता.

मुलांचं सगळंच मला आवडतं असं नाही. एका संध्याकाळी सूर इतका खाली उतरला की कपाटातल्या बश्या किणकिणायला लागल्या. मी जाऊन सांगितलं. त्यांनी स्पीकरखाली जाड रबर घातलं, बश्या गप्प झाल्या. त्यांचे खोके मात्र जिन्याच्या वाटेत असतात. त्याबद्दल कमिटीचं म्हणणं रास्त आहे, आगीच्या वेळी ती वाट मोकळीच हवी. खोके हलवायला लावावेत आणि खोलीला सबमीटर बसवून विजेचे पैसेही मुलांकडूनच घ्यावेत.

मात्र आवाज कानाने ठरवू नये. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तक्रारदारांच्याच खिडकीत मीटर ठेवून मोजावं, एकदा पंप चालू असताना, एकदा बंद असताना. (गणपतीतल्या स्पीकरचं मी इथे काढत नाही, नाहीतर विषय वाढेल.)

येत्या रविवारी संध्याकाळी सहाला ही मोजणी व्हावी आणि तोवर नोटीस स्थगित ठेवावी, ही विनंती. मी हजर राहीन. पंपाचे पॅड बदलण्याचा प्लंबरने दिलेला खर्चाचा अंदाज सोबत जोडला आहे. पोच मिळावी.

कळावे,
आपली नम्र,
सभासद, बी विंग, पहिला मजला